एकाचा भार, सर्वांची उपकारस्तुती

प्रस्तावना

खिन्नतेने खचलेल्या माणसाला आपल्या मंडळीत एक सल्ला हमखास मिळतो : देवाचे उपकार मान, मन हलके होईल. सांगणाऱ्याच्या मनात माया असते आणि त्यामागचे वचनही खरे असते. तरी ऐकणाऱ्याच्या काळजाला ते भलत्याच ठिकाणी लागते. बाळंतपणानंतर जिला स्वतःच्या बाळाकडे बघवत नाही अशी मुलगी, पहाटे छातीत धडधडून जागा होणारा शिक्षक, नोकरी गेल्यापासून रविवारच्या भक्तीला येईनासा झालेला तरुण, या तिघांनाही त्या सल्ल्यातून एवढेच ऐकू येते की आपण कृतघ्न आहोत. आजार होताच, त्यावर आता अपराधाचे ओझे चढते. ती मुलगी मग चारचौघांत हसते, प्रार्थनासभेत साक्षही देते, आणि घरी येऊन दार लावून रडते.

हे पुस्तक त्या मुलीसाठी आहे, आणि त्याहून अधिक तिच्या शेजारी बाकावर बसणाऱ्यांसाठी आहे. नैराश्य आणि चिंता यांच्या काळात उपकारस्तुती ही ख्रिस्ती माणसाची खरी साधना आहे, असे माझे ठाम मत आहे. पण ती आजारी माणसाकडून वसूल करायची नसते, हेही मी तितक्याच ठामपणे सांगतो. पवित्र शास्त्राने ती एकट्याच्या अंगावर टाकलेली नाही. ती सबंध मंडळीची सामाईक सेवा आहे. ज्याच्या तोंडून आज आभाराचा एक शब्द निघत नाही, त्याच्या वतीने तो इतरांनी म्हणायचा, आणि त्याच्या ओठांवर तो परत येईपर्यंत म्हणत राहायचा. पुढची सर्व प्रकरणे म्हणजे या एका म्हणण्याचा विस्तार आहे.

आधी आजाराला आजार म्हणू या. दुःख, काळजी, निराशा कोणाला चुकलेली नाही. पण दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जवळजवळ रोज मन विझलेले राहते, कशात गोडी वाटत नाही, झोप आणि भूक बिघडते, अंगात त्राण राहत नाही, आपण कुणाच्याच उपयोगाचे नाही असे वाटते, मरणाचे विचार येतात, तेव्हा त्याला नैराश्याचा आजार म्हणतात. चिंताविकारात कारण असो वा नसो, धास्ती जात नाही. हातपाय थरथरतात, श्वास अडकतो, उद्याचा विचार आजचा घास कडू करतो. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत मानसिक आरोग्याचे सर्वेक्षण केले. आयुष्यात कधी ना कधी नैराश्याचा आजार झालेला प्रौढ २० जणांत १ असा आढळला. चिंता आणि नैराश्य यांसारखे सर्रास आढळणारे मनोविकार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारांवाचून होते. शंभर प्रौढांच्या मंडळीत अशी चार-पाच माणसे असणारच, असे धरून चालायला हवे. ती दर रविवारी आपल्यासोबत उभी राहून गीत गातात, आणि आपल्याला पत्ता नसतो.

हा आजार अविश्वासातून येत नाही. रक्ताचे नाते, मेंदूतले बदल, बाळंतपण, थायरॉइडसारखे विकार, लहानपणचे आघात, कर्ज, एकटेपणा, दारूचे घर, अशी अनेक कारणे त्यात गुंतलेली असतात. म्हणून औषध घेणे, समुपदेशकाकडे जाणे हा विश्वासाचा पराभव नव्हे. मधुमेहाची गोळी घेताना आपण देवाची क्षमा मागत नाही. नैराश्याची गोळी घेतानाही मागायचे कारण नाही.

आता ज्या वचनाचा आधार आपण सर्वांत जास्त घेतो, ते पाहू. सर्व प्रसंगांत आभार मानण्याची आज्ञा पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अठराव्या ओवीत येते. तिच्यावर उपदेश पुष्कळ होतात. पण त्याच अध्यायाच्या चौदाव्या ओवीत पौल मंडळीला आधी दुसरे काम सांगतो : जे मनाने खचले आहेत त्यांना धीर द्या, जे अशक्त आहेत त्यांना आधार द्या, सर्वांशी सहनशीलतेने वागा. क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी खचलेल्याभोवती उभे राहणे, मग आभार. आणि दोन्ही आज्ञा एका व्यक्तीला नसून सगळ्या मंडळीला आहेत. खुद्द पौलाला त्या मंडळीची काळजी इतकी असह्य झाली होती की त्याने तीमथ्याला तिकडे धाडले, हे त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे. आभार मानायला सांगणारा माणूस स्वतःचा जीव टांगणीला लागल्याचे लपवत नाही.

फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राचेही तसेच. चिंता न करता प्रार्थनेत, आभारासहित, आपली मागणी देवाला कळवा, असे तिथे तो बंदिवासातून लिहितो. पण दोनच अध्यायांआधी तो एपफ्रदीताच्या जिवावर बेतलेल्या आजाराविषयी सांगतो, आणि देवाने दया केली नसती तर आपल्यावर दुःखामागून दुःख कोसळले असते, अशी कबुली देतो. करिंथकरांना तर तो उघड लिहितो की सर्व मंडळ्यांची चिंता आपल्याला रोज घेरते. याचा अर्थ आज्ञा खोटी आहे असा नाही. आज्ञा चिंता येणाऱ्या माणसाला दिलेली आहे, एवढाच तो अर्थ. तिथे सांगितलेली रीतही पाहण्यासारखी आहे. धास्ती मोघम असते. तिला एकेक नाव देऊन मागणीत बदलायचे, आणि त्या मागणीशेजारी आधी मिळालेल्या एखाद्या उपकाराची आठवण ठेवायची. मागणी गिळून नुसते आभार मानायला पौल सांगत नाही.

याहून मोठा दाखला प्रभूच्या शेवटच्या रात्रीचा आहे. त्याने भाकर घेतली, उपकारस्तुती केली आणि ती मोडली. प्याला घेतला, पुन्हा उपकारस्तुती केली. मग गेथशेमानेत गेला आणि आपला जीव मरणप्राय खिन्न झाला आहे असे शिष्यांना म्हणाला. आभार आणि ही खिन्नता यांत काही तासांचे अंतर होते. उपकारस्तुती केली म्हणून खिन्नता टळली नाही, आणि खिन्नता आली म्हणून उपकारस्तुती खोटी ठरली नाही. खिन्नतेच्या घडीला त्याने शिष्यांना जवळ राहून जागे राहायला सांगितले, ते झोपले. प्रभुभोजनाला बसताना या दोन्ही गोष्टी आठवल्या पाहिजेत : त्याने मानलेले आभार, आणि त्याच्या सोबत्यांना न जमलेली सोबत.

स्तोत्रसंहिता हे इस्राएलाचे आणि मंडळीचे प्रार्थनेचे पुस्तक. त्यातल्या १५० स्तोत्रांपैकी निदान एक तृतीयांश विलापाची आहेत. बहुतेक विलाप शेवटी स्तवनाकडे वळतात. ८८वे स्तोत्र वळत नाही, ते अंधारातच संपते. तरीही ते काढून टाकलेले नाही. ज्या दिवशी आभार सुचत नाहीत त्या दिवशीसुद्धा प्रार्थना करता यावी, म्हणून ते तिथे आहे. ७७व्या स्तोत्रातल्या माणसाला झोप लागत नाही, त्याचा जीव सांत्वन नाकारतो, देव दया करायला विसरला की काय असे तो विचारतो. आणि इतके सगळे बोलून झाल्यावर मग देवाची जुनी कृत्ये आठवायचे ठरवतो. तक्रार आधी, आठवण नंतर. ४२व्या स्तोत्रात तर खचलेल्या माणसाला आठवतो तो जमाव, ज्याच्यासोबत तो आभार गात देवाच्या मंदिराकडे चालत जात असे. त्याला एकट्याला आता गाता येत नाही; पण आपण कधी काळी सर्वांसोबत गायलो होतो, या आठवणीला तो धरून राहतो.

एलीयाची गोष्टही इथे सांगायला हवी. कर्मेलावरच्या विजयानंतर ईजबेलीच्या भीतीने तो रानात पळाला आणि एका झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. देवदूताने त्याला कर्मेलाची आठवण करून दिली नाही, उपकार मोजायला लावले नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई त्याच्या उशाशी ठेवली. तो जेवला, झोपला. दूताने पुन्हा उठवून खायला घातले, कारण पुढची वाट त्याच्या आवाक्याबाहेरची होती. संवाद नंतर झाला. शास्त्रातला हा पाळकी सेवेचा धडा आपण फार कमी गिरवतो.

मग उपकारस्तुतीने नेमके होते काय? मानसशास्त्राने गेल्या दोन दशकांत याचा बराच शोध घेतला आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो या अमेरिकी संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काहींना उपकार लिहायला सांगितले, काहींना कटकटी. उपकार लिहिणारे अधिक समाधानी आणि आशावादी आढळले. त्यानंतर आभाराच्या वह्यांची लाटच आली. पण पुढे नैराश्य आणि चिंता यांच्या लक्षणांवर असे उपक्रम कितपत चालतात, याविषयीचे २७ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा परिणाम अल्प निघाला. त्या संशोधकांचे म्हणणे स्पष्ट होते : ज्यांना हा आजार आहे त्यांनी सिद्ध झालेल्या उपचारांकडे वळावे. मी हे मुद्दाम सांगतो आहे. उपकारस्तुती औषधाच्या जागी ठेवली तर आजारी माणसाचे नुकसान होते आणि उपकारस्तुतीचीही बदनामी होते. आपण देवाचे आभार मानतो ते तो आभारास पात्र आहे म्हणून. त्यातून मनाला विसावा मिळाला तर तीही त्याची देणगी.

तरी आजाराचा एक गुण ओळखला, तर उपकारस्तुती कशी करावी हे अधिक नीट कळते. नैराश्यात आठवण मोघम होते. मानसशास्त्रज्ञांनी हे १९८०च्या दशकापासून नोंदवले आहे : एखादा आनंदाचा प्रसंग सांगा म्हटले की अशी व्यक्ती ‘पूर्वी आम्ही गावाला जायचो’ असे ढोबळ उत्तर देते, अमुक दिवशीचा, अमुक माणसाबरोबरचा प्रसंग तिला चटकन सापडत नाही. म्हणून ‘सर्व गोष्टींसाठी धन्यवाद, प्रभो’ ही आपली नेहमीची प्रार्थना अशा मनाला काही देत नाही. १३६वे स्तोत्र पाहा. ते एकेक कृत्य नावाने घेते : आकाश, सूर्य, चंद्र, समुद्र दुभंगणे, अरण्यातली वाट, एकेका राजाचे नाव, आणि शेवटी सर्व जिवांना अन्न. २६ ओव्यांपैकी प्रत्येक ओवीनंतर तेच ध्रुपद येते. एकाने कृत्य सांगावे आणि साऱ्या लोकांनी ध्रुपद म्हणावे, अशीच त्याची घडण आहे. उपकारस्तुती तपशिलाने करायची आणि मिळून करायची, हे दोन्ही त्यात आले. मंगळवारी दुपारी शेजारीण डबा घेऊन आली. डॉक्टरांनी घाई न करता ऐकून घेतले. काल रात्री चार तास सलग झोप लागली. खचलेल्या माणसाला हे आठवत नसेल, तर ज्याला आठवते त्याने सांगावे.

मंडळीच्या इतिहासात या वाटेने गेलेली माणसे थोडी नाहीत. लोयोलाचा इग्नाती याने दिवसाचे आत्मपरीक्षण उपकारांच्या आठवणीपासून सुरू करायला शिकवले. वसई-गोव्यातल्या कॅथलिक भाविकांना येशूसंघीयांमुळे ही रीत परिचित आहे. त्याच इग्नातीने १५२२ मध्ये मान्रेसा इथे अपराधाच्या शंकांनी ग्रासून स्वतःचा जीव घेण्याच्या मोहाशी झुंज दिली होती. आधी पापांची यादी, मग उपकार, असा क्रम त्याने ठेवला नाही, याचे मोल अशा शंकांनी पोळलेल्या माणसाला कळेल. जर्मनीतल्या आयलेनबुर्ग गावचा पाळक मार्टिन रिंकार्ट याने तीस वर्षांच्या युद्धात, १६३७च्या साथीत, हजारो लोकांचे अंत्यविधी केले. त्यांत त्याची पत्नीही होती. त्याने रचलेले उपकारस्तुतीचे गीत आज जगभर गातात. लंडनचा प्रसिद्ध उपदेशक चार्ल्स स्पर्जन २२ वर्षांचा असताना त्याच्या सभेत कुणीतरी आग लागल्याची खोटी ओरड केली आणि चेंगराचेंगरीत सात जण गेले. १८५६ची ती घटना आणि त्यानंतरची खिन्नता यांनी त्याचा जन्मभर पिच्छा पुरवला. आपल्या विद्यार्थ्यांना पाळकाच्या मूर्च्छित होणाऱ्या मनाविषयी त्याने मोकळेपणी व्याख्यान दिले. लाज बाळगली नाही.

या सर्वांत मला विल्यम कूपरची कहाणी अधिक जवळची वाटते, कारण ती सुखान्त नाही. हा इंग्रज कवी जन्मभर वारंवार खिन्नतेच्या झटक्यांत सापडला. १७७३ नंतर देवाने आपल्याला टाकून दिले आहे असे त्याने मनाशी धरले आणि तो उपासनेला जाईनासा झाला. पाळक जॉन न्यूटनने त्या दिवसांत त्याला वर्षभराहून अधिक काळ आपल्या घरी ठेवून घेतले. १७७९ मध्ये दोघांच्या गीतांचा संग्रह निघाला. कूपरची गीते मंडळ्या गात राहिल्या, तो स्वतः मात्र गायला गेला नाही. त्याच्या आयुष्याची किंमत शेवटी तो बरा झाला की नाही, यावर ठरत नाही. न्यूटनने त्याला विश्वासाच्या परीक्षेला बसवले नाही, घरात जागा दिली. ज्या माणसाला आपण स्वीकारले गेलो आहोत असे वाटतच नव्हते, त्याचे शब्द घेऊन हजारो लोकांनी देवाचे आभार मानले. उपकारस्तुती सामाईक आहे असे मी म्हणतो ते याच अर्थाने.

आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंचे उदाहरण आहे. त्यांना हा आजार होता असे मला सुचवायचे नाही. पण शोकाची परंपराच त्यांच्या वाट्याला आली. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती, आणि १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा. पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्या स्वतः गेल्या. १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्यांनी आपल्या विश्वासाला कधी न आटणारा ठेवा म्हटले. ज्यांनी दुष्काळात आपली माणसे गमावली, त्यांनी १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या आणि केडगावला त्यांना घर दिले. त्यांची उपकारस्तुती दुसऱ्याच्या ताटात भाकरीच्या रूपाने पोहोचली.

आपल्या मंडळ्यांत या सेवेसाठी नवे काही शोधायला नको. बाळाचे बारसे, घरभरणी, परीक्षेतले यश, दवाखान्यातून सुखरूप परत येणे, अशा निमित्ताने आपण घरी उपकारस्तुतीची सभा ठेवतो. सुगीनंतर शेतकरी कुटुंबे ज्वारी-बाजरी, भाजी, कोंबडी, अंडी मंदिरात आणून वाहतात. वर्षाच्या शेवटच्या रात्री वर्षभराचे उपकार आठवतात. उणीव एवढीच, की या सगळ्यात गोष्ट शेवटाला पोहोचलेल्यांनाच जागा असते. जो बरा झाला तो साक्ष देतो. जो अजून बरा नाही तो मागे बसतो. एखादी सभा अशीही व्हावी, जिथे बरे न झालेल्या बहिणीच्या घरी पाच माणसे जातील, तिला साक्ष मागणार नाहीत, आधी तिचा विलाप ऐकतील, एखादे विलापाचे स्तोत्र तिच्यासोबत वाचतील, तिच्यातर्फे दोन-तीन लहान उपकार नावाने घेतील, आणि चहा पिऊन, भांडी घासून परततील. तिने ‘आमेन’ म्हटले नाही तरी चालेल.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने केली आहे. पहिला भाग आजार ओळखण्याचा आणि उपचार मिळवण्याचा आहे. दुसरा विलापाचा, तो वगळून पुढे जाऊ नये अशी विनंती आहे. तिसऱ्या भागात रोजच्या उपकारस्तुतीचे लहान पाठ आहेत, बहुतेक दोघांनी मिळून करायचे. चौथा भाग पाळक, वडील मंडळी, महिला मंडळ आणि तरुण संघ यांच्यासाठी आहे. पाठ चुकला तर भरून काढायचा नाही, तो सोडून द्यायचा. आणि कुणावर अत्याचार होत असेल, घरात मारहाण होत असेल, तर त्याबद्दल आभार मानायला त्या व्यक्तीला कुणी शिकवू नये. तिथे देवाची इच्छा तिची सुटका ही आहे.

मरणाचे विचार येत असतील तर हे पुस्तक बाजूला ठेवा आणि ताबडतोब कुणाला तरी सांगा. केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. जवळच्या सरकारी रुग्णालयात जा. एकटे जाऊ नका.

करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी पौल लिहितो की आशियात त्याच्यावर इतके दडपण आले की जगण्याचीही आशा उरली नव्हती. मग तो तिथल्या लोकांना सांगतो की तुम्ही प्रार्थनेने आम्हांला हातभार लावा, म्हणजे पुष्कळांच्या विनंतीने आम्हांला जे मिळेल त्याबद्दल पुष्कळांनी आमच्या वतीने आभार मानावेत. जगण्याची आशा हरवलेला प्रेषित आपल्या उपकारस्तुतीसाठी इतरांची तोंडे मागतो. त्याला ते मागायची लाज वाटली नाही. आपल्यालाही वाटू नये.

तुम्ही आज बरे असाल, तर कुणासाठी वाचता आहात त्या व्यक्तीचे नाव पहिल्या पानावर लिहा आणि मगच पुढे वाचा. तुम्ही आज बरे नसाल, तर हे पुस्तक तुमच्यावर विश्वासाने प्रेम करणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्या. औषध घ्या, जेवा, झोपा. उपकारस्तुतीची पाळी सध्या त्यांची आहे.